उत्तर बांधावरची नोंद

प्रिय टिटवे,

या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल. ऐंशी मिलिमीटरची दुर्बीण, दोन्ही काचा स्वतः घासलेल्या, सात महिने लागले. तिची लाकडी तिवई. उत्तर बांधावरचं खोपटं, सहा फूट बाय चार, खोक्यांच्या फळ्यांचं, एकही खिळा न मारता सगळे जोड खाचेत बसवलेले. तुझं अभ्यासाचं टेबल, ज्याचा मागचा पाय तू दोन महिन्यांत खिळखिळा केलास आणि मी पुन्हा बसवला. बावीस वसंतांच्या बावीस वह्या, पानं कापण्यापासून शिवण्यापर्यंत घरच्याच. शिवाय या शहरातल्या काही हजार नाकांवर बसलेल्या चष्म्यांच्या काचा. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढं पुरे. यादीत अजून एक वस्तू आहे, पण ती पुढे येईल. तिची मला लाज वाटते, आणि लाज वाटेल असं काम माझ्या हातून होत नाही, असं मी जन्मभर सांगत आलोय.

आईने फोनवर घरची खबर दिलीच असेल, तिच्या पद्धतीने, म्हणजे आधी माझ्या तक्रारी आणि मग स्वतःचा गुडघा. गुडघा बरा आहे. दुकानात मालकांनी काचा कापायचं नवं यंत्र आणलंय. काच ठेवायची, नंबर टाकायचा, बटण दाबायचं. मी बटण दाबतो आणि मग तरीही अंगठ्याने कड तपासतो. मालक म्हणतात, काचवाले, गिऱ्हाइकाला कळत नाही हो एवढं. मी म्हणतो, मला कळतं ना. मागच्या खोलीला अजूनही खिडकी नाही. लहानपणी डबा द्यायला आलीस की विचारायचीस, बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून का बसतात, कुणी शिक्षा केलीय का? आई हसून हसून बेजार व्हायची. मला तेव्हा राग यायचा. हल्ली वाटतं, पोरीने बरोबर ओळखलं होतं.

पण रविवार माझा असतो, आणि यंदाचा वसंत भरघोस गेला. शेवटच्या बसथांब्यापलीकडची ती सांडपाण्याची सहा तळी, तिथला वास तू विसरली नसशील. पंधरा मार्चला पहिले पिवळे धोबी आले, एकवीस, त्यातले तीन काळ्या डोक्याचे. बावीसला पाण्याची टाकी आणि उड्डाणपूल यांच्या मधून एक कैकर गेला, पंजात मासा, माशाचं डोकं पुढे. तो नेहमी तसाच धरतो, वारा कापायला. शेकाट्यांनी मधल्या तळ्यात नेमकी पंपाशेजारी चार अंडी घातली. पाय एवढे लांब, अक्कल तेवढी आखूड. आणि पाच एप्रिलला उत्तरेच्या तळ्यात, गाळ वाळवायला पाणी उपसलं होतं तेव्हा, बारके तुतवार उतरले. चिमणीएवढा जीव. हजारो मैलांच्या वाटेवर नऊ-दहा दिवस इथल्या चिखलात चोच खुपसून पोट भरतो आणि पुढे उत्तरेला निघून जातो. तीनदा मोजले. दोन हजार तीनशे चाळीस. शहराच्या आसपास त्यांना टेकायला दुसरा चिखल उरलेला नाही.

त्या चिखलाचंच सांगायचंय. बारा वर्षांपूर्वी ते तळं बुजवून गोदामं बांधायची ठरली होती, तू दहा वर्षांची होतीस. ती थांबली माझ्या एका नोंदीमुळे. चमच्या तुतवार, एक, वसंतातला तांबूस पिसारा, उत्तर बांध, सकाळी सहा चाळीस. बारक्या तुतवारासारखाच दिसणारा, फक्त चोचीच्या टोकाला चपटा चमचा. जगात काही शेच उरलेला. हा पक्षी जिथे उतरला ती जागा बुजवता येत नाही. बांधावर फलक लागला, त्यावर माझ्या हातचं चित्र. तेव्हापासून दर वसंतात लांबलांबून माणसं येतात, गळ्यात माझ्या वर्षभराच्या पगाराएवढे कॅमेरे, आणि विचारतात, काचवाले, यंदा? मी म्हणतो, वारा उलटा आहे. म्हणतो, काल यायला हवं होतंत. बारा वसंत मी खोपट्याच्या फटीतून, मान वाकवून, एका न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघतोय, कारण ती बघणं आता माझं काम झालंय. खोपटं मी असं बांधलं की आतल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरच्याला आतला दिसू नये. फार चांगलं जमलं ते.

यंदा ती गोदामवाली कंपनी पुन्हा आली. तिचं म्हणणं, फोटो नाही, पुरावा नाही, एका काचा घासणाऱ्याचा शब्द आणि एक चित्र, एवढ्यावर एवढी जमीन अडकवायची? येत्या सोमवारी सुनावणी आहे. महिन्यापूर्वी कंपनीचा एक माणूस दुकानात आला, फाइलवाला म्हणू. आधी चष्मा करून घेतला, वाचायचा, दोन्ही डोळ्यांना दीड. रविवारी तोच चष्मा लावून खोपट्यात येऊन बसला, बुटाचा चिखल माझ्या फळीला पुसला आणि एक कागद पुढे सरकवून म्हणाला, काचवाले, नुसती सही, पैसे लाखांत, बाकी आमच्यावर सोडा. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणालो, तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीय, दुकानात या, फुकट आवळून देईन. बाकी माझ्याकडून काही मिळणार नाही. तो हसला. कागद फळीवर ठेवून म्हणाला, घाई नाही, विचार करा.

पंपावरच्या पहारेकऱ्याने ते ऐकलं. तो म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. आठवड्यात साऱ्या पक्षीमंडळाला कळलं की काचवाल्याने लाखांवर लाथ मारली. मंडळाने सभा भरवली. मंडळाचे आपले प्राध्यापक आठवतात ना, मी पहिल्यांदा वही घेऊन गेलो तेव्हा जे म्हणाले होते की, अहो काचवाले, तुम्ही पाहा जरूर, पण काय पाहिलंत ते आम्हाला ठरवू द्या? तेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, शिकलेल्यांनी ज्याच्याकडून शिकावं असा हा माणूस. टिटवे, या एका वाक्यासाठी मी बावीस वर्षं थांबलो होतो. टाळ्या वाजल्या आणि मला वाटलं, कुणी बाहेरून कडी घातली.

खरं तर तेही मी पचवलं असतं. निगरगट्टपणा अंगात आहे. पण त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला. पक्ष्यांबद्दल तू बारा वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतंस. लिहिलं होतंस, बाबा, आईने सांगितलं, फार अभिमान वाटला. आणि त्याखाली, मी तेव्हा उगाच चिखल चिखल करून तुम्हाला छळलं, लहान होते, काय दिसायचं मला. मी तो फोन टेबलावर पालथा ठेवला, तुझ्याच टेबलावर, आणि जेवलो नाही. आईला सांगितलं, पित्त.

त्या नोंदीची सकाळ मला मिनिटामिनिटाने पाठ आहे. वारा मागून, उजेड डावीकडून, पक्षी चौसष्ट पावलांवर. मी चमचा पाहिला. शप्पथ, पाहिला. तुला वर उचललं, दुर्बिणीला डोळा लावायला दिला. तू जरा वेळ बघून म्हणालीस, बाबा, त्याच्या चोचीला चिखल लागलाय. मी म्हणालो, गप, तो चमचा आहे. तू पुन्हा बघितलंस आणि ओरडलीस, नावाप्रमाणे टिटवीसारखी, पडला! बाबा, पडला चिखल, आता टोकदार झाली चोच! मी तुला बाजूला केलं आणि बघितलं. साधी, काळी, टोकदार चोच. बारका तुतवार. पायाशी चिखलाचा एक गोळा, त्यात गवताची काडी. दुर्बिणीच्या कडेला जांभळी झाक येते, हे मी कधी कुणाला कबूल केलं नाही. त्या दिवशी स्वतःला सांगितलं की झाकेमुळे नीट दिसलं नाही, हा दुसरा पक्षी, पहिला उडाला. उडाला असता तर मला कळलं नसतं का? माझ्या नजरेतून पाकोळी सुटत नाही. अर्ध्या तासाने मी वहीत चित्र काढलं, पिसाची प्रत्येक कड नीट, फक्त चमचा तेवढा पुस्तकातून आठवून घातला. यादीत राहिलेली वस्तू ती. तो पक्षी मी या हातांनी केला.

पण त्याहून वाईट मी पुढे केलं. दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला दुसरा साक्षीदार लागतो. मी तुझं नाव घातलं. प्राध्यापक घरी आले, तुला शेजारी बसवून विचारलं, बाळ, चमचा पाहिलास ना तू? तू माझ्याकडे बघितलंस. मी चहाच्या कपाकडे बघत होतो. तू म्हणालीस, हो. मला तेव्हा वाटलं, पोरगी हुशार आहे, वेळ जाणते. पुढच्या रविवारी तुझं पोट दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी परीक्षा होती. मग मी विचारणंच सोडलं. परवा आई सहज म्हणाली, इस्पितळातल्या नोकरीत टिटवी एक्स-रेची प्रत्येक फिल्म दुसऱ्या कुणाला तरी दाखवते म्हणे, स्वतःला स्पष्ट दिसत असलं तरी, सोबतच्या पोरी तिला 'डबल तपासणी' म्हणून चिडवतात. आई कौतुकाने सांगत होती.

आता माझं घोडं कुठे अडलंय ते बघ. खरं सांगावं तर कंपनीचं आयतं काम होतं, गोदामं उभी राहतात, आणि पुढच्या वसंतात दोन हजार तीनशे चाळीस पाहुणे पत्र्यावर उतरतात. न सांगावं तर तू उरलेला जन्म स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता काढतेस. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या. तीन आठवडे त्या बिनखिडकीच्या खोलीत मी याचं गणित मांडत बसलो होतो. ते सुटलं नाही. फक्त एवढं कळलं की बारा वर्षं ते तळं मी माझ्या पक्ष्याच्या जिवावर राखलं आणि खऱ्या पक्ष्यांसाठी एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्या लेखी ते साधे होते ना. सोमवारी मी दोन कागद घेऊन जाणार आहे. एक, बावीस वसंतांचे बारक्या तुतवारांचे आकडे, दिवसवार, खाडाखोड न करता. त्यांच्यावर तळं वाचेल का, सांगता येत नाही. अशा आकड्यांना कायद्यात किती वजन असतं ते मला माहीत नाही, आणि प्राध्यापकांना आता मी कुठल्या तोंडाने विचारू? दुसरा कागद आधी तुला दाखवतो, कारण त्यात तुझं नाव आहे.

फाइलवाल्याने ठेवलेला कागद मी घरी आल्यावर पुरा वाचला. खोपट्यात नाही म्हणालो तो निव्वळ ताठा होता, त्याचं श्रेय मला देऊ नकोस. त्यावर तीन ओळी टाइप केलेल्या होत्या. उत्तर बांधावरची माझी नोंद चुकीची आहे. तो साधा बारका तुतवार असून त्याच्या चोचीला चिखल लागलेला असावा. हे त्यांच्या कुठल्याशा तज्ज्ञाने घरबसल्या ओळखलं होतं. आणि तिसरी, दुसरी साक्षीदार दहा वर्षांची मुलगी असल्याने तिच्या पाहण्याला काही किंमत नव्हती. माझ्या कागदावर पहिल्या दोन ओळी जवळजवळ तशाच आहेत, फक्त 'असावा' काढून 'होता' केलंय. तिसरी मी माझ्या अक्षरात लिहिलीय: दुसऱ्या साक्षीदाराने बरोबर पाहिलं होतं, तेव्हाच सांगितलं होतं, आणि ते लपवलं मी. हा कागद मी फुकट देणार आहे. त्यांच्या कागदावर, ती तिसरी ओळ धरून, नुसती सही करायचे ते मला अठरा लाख देत होते.

तुझाच,
बाबा