खऱ्या लग्नाचा पुरावा

१४ जानेवारी २००३
संक्रांत. आई तीळगूळ वळते आहे आणि मी पेटी उपसून लग्नाचे पुरावे शोधतो आहे. व्हिसाच्या ऑफिसला नवरा-बायकोचं नातं 'खरं आणि चालू' असल्याचं दाखवावं लागतं. सुनंदा तिकडे विलायतेत नर्स आहे, दीड वर्ष होत आलं. आधी ती, मग मी आणि आमची पोरगी मनू, असं ठरवूनच गेली.
फोटो निघाले. माझं तोंड बाशिंगामागे आणि सु.ची मान इतकी खाली की नवरी कोणीही असू शकते.
पत्रं पुष्कळ. पण सगळी आईच्या नावाने. 'ती. आईंना सा. न.' पासून सुरू, आणि शेवटी एक ओळ, 'ह्यांना नमस्कार, मनूला पापा'. माझी उत्तरंही तशीच, आईने सांगायची आणि मी लिहायची. नवराबायकोने वेगळी पत्रं टाकली असती तर नाचणगावात सगळ्यांत आधी पोस्टमन हसला असता.

३ फेब्रु.
व्हिसाची मुलाखत देऊन मुंबईहून सकाळच्या गाडीने पुलगावला उतरलो. अंगात त्राण नाही, पण लिहून ठेवतो.
गोरी बाई काचेमागे. शेजारी दुभाषी पोरगी, मराठी एकदम पुस्तकातली. बाईने सु.ची फोनची बिलं पुढे सरकवली. दर रविवारी एकच नंबर. कोणाचा?
म्हटलं, पन्नाभाऊचा. किराणा दुकान आहे, आमच्या घरासमोर.
"म्हणजे तुमच्या पत्नी दर रविवारी त्या दुकानदाराला फोन करतात?" हे विचारताना त्या पोरीलाच लाज वाटली.
पी.पी. नंबर आहे, आमच्याकडे असंच असतं, फोन आला की पन्नाभाऊ हाक मारतो, मी पळत जातो, हे सगळं सांगितलं. मग विचारलं, बोलता काय? बरं आहे का, मनूचं पोट कसं आहे, पाऊस झाला का. आणखी? आणखी काही नाही. "तुम्ही दोघं खाजगी काही बोलत नाही?"
मी म्हटलं, "मॅडम, दुकानात गिऱ्हाइक उभं राह्यते. तेलाच्या पिप्यापाशी उभं राहून काय बोलू?"
पोरगी हसली. तिने ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, बाई हसली नाही.
खरं तेच सांगितलं. आता पाहू.

२८ फेब्रु.
नाही म्हणाले. 'नातं खरं व चालू असल्याबद्दल समाधान झाले नाही.' मला नाही म्हणून मनूलाही नाही.
आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, "काऊन रे, मग पोरगी काय आभाळातून पडली?"

२ मार्च
रविवार. पन्नाभाऊने हाक मारली. दुकानात चार माणसं, सगळ्यांना माहीत, सगळे कान टवकारून. सु. रडत होती. मी म्हटलं, "बरं बरं, पाहू." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला तर पन्नाभाऊ म्हणतो, "माझ्या नावानं तुमचं काम बिघडलं, भाऊ. मी लिहून देऊ का साहेबाले?" बिचाऱ्याचा चेहरा पडलेला. त्याने काय लिहून द्यावं? की ही बाई माझी कोणी नाही म्हणून?
घरी येऊन मळ्यातल्या वांग्याला पाणी दिलं. 

११ मे
ऊन असं की दुपारी बाजारात विकायला नेलेल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तासाभरात माना टाकतात.
आज फोनवर धीर करून म्हटलं, तूच परत ये.  ती म्हणाली, "येऊन काय करू, अहो? पुन्हा वर्ध्याच्या त्याच वॉर्डात, त्याच रात्रपाळ्या? मले इथं माणूस समजतात." पन्नाभाऊ साखर जोखत होता म्हणून मी पुढे बोललो नाही.
बरं झालं बोललो नाही. मला फक्त रागच आला होता. तिथे तिला माणूस समजतात, आणि इथे काय आम्ही तिला ढोर समजत होतो?

३० जून
मनू शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी रडली नाही, मीच फाटकापाशी उभा राहिलो. बाईंनी विचारलं, आई काय करते? मनू म्हणाली, "फोनात राह्यते."

१९ ऑगस्ट
घरी फोन आला! तार ओढायला दोघं आले, आईने त्यांना चहा-पोहे दिले, काळ्या डब्याला हळद-कुंकू लावलं. बिल माझ्या नावावर. पुढच्या वेळी मॅडमला दाखवायला हा नंबर.
पन्नाभाऊ पाहून गेला. म्हणे, "आता आमाले तुमची खबर कशी समजन?"

२४ ऑगस्ट
घरच्या फोनवर सु.चा पहिला फोन. आई मुद्दाम मनूला घेऊन अंगणात गेली. घरात मी एकटा. लग्नाला सात वर्षं झाली, आम्ही असे एकटे फोनवर पहिल्यांदाच.
आणि काही सुचेना. तिलाही. शेवटी मी विचारलं, पाऊस आहे का तिकडे. आहे म्हणाली.

१४ सप्टें.
आज बोलली. म्हणजे तिच्या मनात बरेच दिवस होतं, घरचा फोन यायची वाट पाहत होती. दुकानात कसं बोलणार होती?
तिकडच्या वकिलाचा सल्ला: माझा पुन्हा अर्ज केला तरी अवघड, एकदा नकाराचा शिक्का बसला. पण पोरीला आणता येतं. फक्त आई एकटीच सांभाळते असं दाखवावं लागेल. बापाचा संबंध नाही असं. म्हणजे फारकत.
"कागदावरच, अहो. पोरगी इकडं शिकन. मग दोन-तीन वर्षांनी पाहू तुमचं. पुन्हा लग्न लावून घेऊ, त्यात काय?"
त्यात काय. असं म्हणाली, पोहे परत गरम करून घेऊ, त्यात काय, तसं.
मी विचारलं, खरंच कागदावरच ना? ती म्हणाली, असं काऊन विचारता? हो म्हणाली नाही. मी रात्रभर तेच उगाळतो आहे. कदाचित मीच वेडा.

५ ऑक्टो. दसरा
आईला सांगितलं. सोनं वाटून आली होती, हातात आपट्याची पानं तशीच.  म्हणे, "कागदावर मोडलं त घरात कसं राहीन रे ते?" आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडेल. पुऱ्या तळल्या.

२१ ऑक्टो.
वर्ध्याला वकिलाकडे. म्हातारा, हुशार, पान खाणारा. सगळं ऐकून म्हणाला, "दोघांची संमती असन त काई कठीण नाई. एक वर्ष वेगळं राहत असल्याचा पुरावा पाहिजे फक्त." मी हसलो. तो का हसता म्हणाला.
एकत्र असल्याचा पुरावा वर्षभर शोधला, सापडला नाही. वेगळं असल्याचा तिच्या पासपोर्टवर छापलेला आहे, शिक्क्यासकट.
त्याने मसुदा वाचून दाखवला. 'पतीने मुलीच्या संगोपनात कोणताही सहभाग घेतला नाही.' मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "हेच त पाहिजे."
मनूचा काल ताप उतरला. दोन रात्री मांडीवर घेऊन बसलो होतो. लिहून ठेवतो, कुठेतरी असू दे.

१० नोव्हें.
सु. डिसेंबरात येते, सुट्टी घेऊन. सह्या दोघांनाही कोर्टासमोर कराव्या लागतात. वकील म्हणाला, त्या दिवसांत दोघं एका घरात दिसू नका. तिने सिंदी मेघेला, माहेरी उतरायचं.

६ डिसें.
सु. आली. नागपूरहून सरळ सिंदी मेघे. मी मनूला घेऊन तिथे गेलो, मेव्हण्याने दारातच सांगितलं, भाऊजी, तुमी फार वेळ थांबू नका, शेजारी पाहतात. बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखा बसलो. सासूबाईंनी चहा दिला, बशीत बिस्किटं.
सु. बारीक झाली आहे. केस कापले. छान दिसते. मला हे सांगावंसं वाटलं, पण मेव्हणा तिथेच. पुन्हा दुकानातच उभा असल्यासारखं.
मनू तिच्याजवळ जाईना. माझ्या पायामागे लपून बघत होती. शेवटी सु.ने बाहुली दिली तेव्हा हात पुढे केला. तिला तिथेच ठेवून निघालो. कोपऱ्यापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. सु.चंही असेल.

८ डिसें.
मेव्हणा मनूला आणून सोडून गेला. दोन रात्री झोपली नाही, जेवली नाही. सु.चा फोन, आवाज बसलेला. "तिनं मले मावशी म्हटलं, अहो. मावशी."
मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. हे वाचून कोणी काय म्हणेल माहीत नाही, पण वाटलं.
मग ती म्हणाली, "मी तिले नाई नेली त ती मले कायमची मावशीच म्हणन." 

१० डिसें.
वकील म्हणतो, पोरीलाही विचारतात. व्हिसावाले तर नक्कीच. कोण जेवू घालतं, कोणाजवळ झोपते, शाळेत कोण सोडतं. "शिकवून ठेवा. लेकरू खरं बोलून बसते." मुंबईत खरं बोलून माझं काय झालं होतं ते त्याला कुठे पुरतं माहीत.
संध्याकाळी बसवलं. "मनू, तुले जेवू कोण घालते?"
"बाबा."
"नाई. आई म्हण."
"आई त फोनात राह्यते."
माझी आई चुलीपाशी होती. भाकर तव्यावर करपली तरी तिने पलटली नाही.

१४ डिसें.
पाच दिवस झाले शिकवतो आहे. आधी हसायची, मग रागावली, मग खेळ समजून शिकली. आज न चुकता.
"शाळेत कोण सोडते?" "आई."
"कोणाजवळ झोपते?" "आई."
"ताप आला तवा कोण होतं?" माझ्याकडे पाहिलं. "आई."
मी शाबास म्हटलं. तोंडातून शब्द निघाला कसा, माहीत नाही.

१५ डिसें.
उद्या कोर्टाची तारीख. सु. सिंदी मेघेहून येईल, मी इथून. मसुदा पिशवीत आहे, त्यावर मनूच्या बिस्किटाचा चुरा पडला होता, झटकला.
आज भाजी काढली नाही. मनू शाळेतून आली ती दप्तर फेकून माझ्यासमोर मांडी घालून बसली. म्हणे, "आज मी साहेब. आता तुमी सांगा. तुमच्या पोरीले कोण पाह्यते?"
मी तिचं दप्तर उचलून खुंटीला लावलं.
"सांगा न. कोण पाह्यते?"
तोंड उघडलं, पण आई हा शब्द काही येईना. 
"नापास," म्हणाली, आणि आजीकडे जेवायला पळाली.
सकाळची गाडी आहे. सही अजून केलेली नाही.