स्थळांसाठी काढलेला फोटो

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी लातूरच्या स्टुडिओत तू काढून घेतलेला माझा स्थळांसाठीचा फोटो मी भिंतीवरून उतरवलेला नाही. फोटोवाल्याला तू म्हणाली होतीस, "पोरगी नाकीडोळी नीटस हाय, रंग तेवढा उजळ करा." त्यानं एवढा उजळ केला, की निलंग्याला आलेले पाहुणे पोह्यांची बशी घेऊन माझ्या पाठीमागच्या दाराकडे बघत राहिले. फोटोतली मुलगी अजून यायची आहे, असं त्यांना वाटलं. मला हसू आवरेना. ते गेल्यावर तू माझ्या तोंडाला हळद-साय चोळत बसलीस, कातडं निघेल इतकी. लग्न मला कुठल्याच पुरुषाशी करायचं नाही, हे तेव्हाच सांगायचं होतं, पण जीभ रेटली नाही.

शेवटच्या वर्षी तू नांदेडला माझ्याकडे आलीस, तेव्हा तुला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. भर दुपारी तू त्या फोटोशी बोलायचीस. मधेच थांबायचीस, कान द्यायचीस, 'बरं' म्हणायचीस. स्वयंपाकघरात माझ्या अंगावर काटा यायचा. मला विचारायचीस, "बाई, तू कोणाची? माझी पोर कवा येणार?" आणि एके दिवशी ती कामावरून घरी आली. जिला मी तुझ्यापुढं नुसती 'मैत्रीण' म्हणायचे, जिच्याबरोबर मी आजही संसार करते, ती. रंगानं गोरी. तू तिचा हात धरलास.

"आलीस माय? तुला काळी काळी म्हणून लई बोलले. चुकलं माझं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी, आणि माझी माफी दुसरीच ऐकते आहे. भिंतीकडे पाहिलं, तर फोटोतला चेहरा हुबेहूब तिचा. क्षणभर मलाच कळेना, तुझी मुलगी नक्की कोण. तू विचारतेस, "सुखी हायस ना?" ती माझ्याकडे बघते. मग म्हणते, "हाव आई. लई सुखी हाय."

पुढं होऊन "मी हाय तुझी पोर" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मला तिचा हेवा वाटला, तुझा रागही आला. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी गप्प राहिले, कारण तू मला ओळखलं असतंस, तर तिचा हात सोडून दिला असतास.