धडा पुरा, नोंद शून्य

बालाघाट,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

चि. गीता,

सप्रेम जय भीम. ललिताताईचे टाके निघाले का? आईला जड उचलू देऊ नकोस. तू फोन उचलत नाहीस म्हणून लोकेशच्या हातानं हे पत्र राजेगावला पाठवतो आहे.

प्रशिक्षण केंद्रावरच्या नव्या सिस्टीमचं आधी सांगतो. रुग्णसेविकांचे चौदाही धडे मी स्वतः बनवले, कोणाकडे न शिकता, हे तुला ठाऊक आहे. आपल्या जुन्या साइटवर ते बिनचूक चालायचे. नवी सिस्टीम आली तेव्हा ती बसवायला आलेली श्रुतिका म्हणाली, "सर, धडे स्कॉर्ममंदी बांधा ना. मंग कोणत्याबी सिस्टीमले समजते, कोण शिकलं न् किती शिकलं."

मी म्हणालो, "तू मले शिकवून राह्यली का? तू पाटी धरत होती तवा मी कम्प्युटर खोलून जोडत होतो."

स्कॉर्म म्हणजे फार काही नाही. वारासिवनीच्या तांदळाच्या मिलमध्ये पुनाराम पोत्यांवर खडूनं आपल्या मनच्या खुणा करायचा. मिलमध्ये सगळ्यांना कळायचं, गोंदियाच्या गोदामात कोणालाच नाही. म्हणून पोत्यावर सगळीकडे एकसारखी चिठ्ठी लागते : वाण, वजन, तारीख. धड्यालाही तशीच चिठ्ठी लागते, तीच स्कॉर्म. शिकणारा कोण, गुण किती, धडा पुरा झाला की नाही. माझ्या धड्यांवर माझा खडू होता. नव्या सिस्टीमवर चित्रं दिसायची, प्रश्न यायचे, पण नोंद पोचत नव्हती.

बाकीच्या बायांनी चौदावा धडा जुन्या साइटवरच संपवला होता. ताईच्या ऑपरेशनमुळे मागं राहिलेली तू एकटी.

१८ सप्टेंबरला नोंदीत तुझ्या नावापुढं शून्य दिसलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मामा, मी तीनदा केला. शेवटी हिरवी खूणबी आली."

आणि मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही, गीता. माणसं बोलतात." वर भाचीला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून परीक्षेच्या यादीतून तुझं नाव मीच काटलं. मैनाबाई हळूच म्हणाली, "सर, पोरगी रडून राह्यली." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इथवर लिहून पेन खाली ठेवला होता. पुढचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

चूक माझ्याच धड्याची होती, हे मला काल कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी पाच वाजता मी माझ्या नावानं चौदावा धडा केला. हिरवी खूण आली. नोंदीत शून्य. म्हणजे तू खरी होतीस, हे मला अठरा दिवस माहीत होतं. रोज केंद्रावर गेलो, रोज ठरवलं, आणि रोज वाटलं, श्रुतिकासमोर कसं बोलू?

काल बोललो. त्याच खोलीत, त्याच बायांसमोर. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं होतं. केंद्राच्या पौर्णिमा मॅडम तुझं नाव यादीत परत घ्यायला तयार आहेत, पण शुक्रवारी चारच्या आत परीक्षेच्या अर्जावर तुझी सही हवी. धडा पुन्हा करायचा नाही. चौदाही धडे आता श्रुतिका सांगते तसे बांधतो आहे.

माझ्यावरचा राग तसाच ठेव. फक्त सहीला ये. माझं तोंड पाहायचं नसेल म्हणून शुक्रवारी मी रजा टाकली आहे. मॅडमना तसं लिहून दिलं आहे, कारणासकट.

तू खरी असल्याचं माहीत असून गप्प राहिलेला,
हेमराज