बकुळी पिल्लांपासून लांब का बसते

प्रिय वन्सं,

थोरल्या नणंदेला लिहायचं तर वर ‘तीर्थस्वरूप’ हवं, हे मला ठाऊक आहे. पण तसं लिहिलं असतं तर तुम्ही हसला असतात. शिवाय मला बोलायचं आहे ते मुलांबद्दल आणि सशांबद्दल. त्या बाबतीत तुम्ही मला कधी परकं ठेवलं नाहीत.

आज सकाळी आमच्या कुसुमला खरं सांगितलं. तिची आत्या आता येणार नाही, हे. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, म्हणून घरात सगळ्यांनी ‘आत्या औषधपाण्याला मुंबईला गेलीय’ एवढ्यावरच ठेवलं होतं. तुमचं तेरावं झालं, तरी ते तसंच राहिलं. मुंबईची बोट आली असं कानावर पडलं की ती पायरीवर जाऊन बसायची आणि मी चुलीपाशी पेज ढवळत पाठ फिरवायची. हे किती दिवस चालायचं होतं, देव जाणे!

मग तुमची बकुळी व्याली, वन्सं!

टोपलीतून बकुळी आणि तिच्या जोडीचा ससा घेऊन तुम्ही आलात तो दिवस आठवतो? “शाळेत चित्रातला ससा दाखवून दाखवून कंटाळले,” म्हणालात. मी लगेच खर्चाचं काढलं. “गवत फुकट आहे गं, सुमती,” तुम्ही म्हणालात. “आणि भिजवलेले हरभरे?” “ते माझ्या वाटणीचे.” पुढे खरंच उसळ झाली की तुम्ही वाटी पुढे सरकवायचात. तेवढं मनावर घ्यायचं होतं का हो?

एकदा पहाटे मी सोवळ्यात फुलं काढायला परसात आले, तर बकुळी मान खाली वाकवून आपलीच लेंडी खाते आहे! मी ओरडले, “शिव शिव! वन्सं, हिला आधी बाहेर काढा. माझ्या हातात देवाची फुलं आहेत!” तुम्हाला हसू आवरेना.

“सुमती, गाय रवंथ करते तेव्हा तू तिला हात जोडतेस ना? हाही रवंथच समज. गाईला गिळलेलं तोंडात परत आणता येतं, सशाला ती सोय नाही. गवतातलं सगळं सत्त्व एका फेरीत अंगी लागत नाही, म्हणून तो मऊ गोळ्या टाकतो आणि लगेच खातो. तू झाडतेस त्या कडक लेंड्या वेगळ्या.”

मी पुन्हा न्हायले ते न्हायलेच. पण दिवसभर तेच डोक्यात. देवाने गवतात घातलेला कणही जो वाया जाऊ देत नाही, त्याला ओवळं म्हणणारी मी कोण?

आणि संध्याकाळची तुमची पोरांची सभा! शेजारच्या हमीदने सशाला कान धरून उचललं, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. “हमीदशेट, इकडे या. आता मी तुम्हाला असंच उचलते.” “नको बाई, नको!” तो दोन्ही कान झाकून मागे सरला. मग त्याचा हात सशाच्या कानावर ठेवून म्हणालात, “हा काही तांब्याचा गळा नव्हे. यातून तो ऐकतो, आणि उन्हाळ्यात अंगातली उष्णता इथूनच बाहेर टाकतो. बघ, किती गरम आहे.” हमीद आता लहान भावालाही कान धरून ओढत नाही. त्याची आई परवाच सांगत होती.

मुलांना इतकं सगळं उघडून दाखवलंत. स्वतःचं दुखणं मात्र अंगावर काढलंत, आम्हाला दाखवलं नाहीत. त्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

परवा बकुळीने छातीवरचे केस उपटून उपटून गवताचं घरटं मऊ केलं. काल सकाळी बघते तर आत पाच पिल्लं! गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. आणि आई कुठे? पिल्लांवर केसांचं पांघरूण घालून खुराड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून, गवत चघळत! दुपार झाली तरी ती जवळ जाईना. कुसुम रडायला लागली, “आई, तिने टाकली त्यांना!”

सासूबाई दुधाची वाटी आणि कापसाची वात घेऊनच आल्या. “अगो, ही कसली आई! घे, पाज त्यांना. मरतील ती.”

मी वाटी हातात घेतली, वात बुडवली, आणि तुमचं बोलणं आठवलं. आई जवळ बसून राहिली तर तिच्या वासाने मुंगसाला, कोल्ह्याला घरटं सापडेल. म्हणून ती लांब राहते. दिवसातून एकदा यायचं, भराभर पाजायचं, निघून जायचं.

“सासूबाई, उद्या सकाळपर्यंत थांबू या.”

“आणि मेली तर?”

मी वाटी खाली ठेवली. देवापुढे बसले, पण मन सगळं खुराड्यात.

आज उजाडता उजाडता कुसुमला घेऊन माडाआड बसले. बकुळी आली! घरट्यावर उभी राहिली आणि खालचे केस लाह्या फुटाव्यात तसे उडायला लागले. पिल्लं उताणी होऊन पीत होती. माझी जपाची एक माळ पुरी व्हायच्या आत पाजून ती मोकळी. ती लांब गेल्यावर मी केस अलगद बाजूला केले. पोटं टम्म! पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं.

कुसुमचा चेहरा असा उजळला! म्हणाली, “म्हणजे आत्याचंपण असंच आहे. लांब राहिलीय, पण येणार.”

वन्सं, ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! पण मेलेल्या चतुर किड्यालाही पोरांना ‘झोपलाय’ म्हणू न देणाऱ्या तुम्ही. तुमच्या सशांसमोर बसून खोटं कसं बोलू?

तिला मांडीवर घेतलं. “नाही गं, बाळा. बकुळी जिवंत आहे, म्हणून येते. आत्या मुंबईला वारली. ती नाही येणार.”

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “तू बघितलंस?”

“मी नाही. बाबा होते तिथे.”

“मग बाबांना विचारते,” म्हणून उठली आणि आत गेली.

तुमचे भाऊ मुंबईहून आल्यापासून तुमच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. आज त्या एवढ्याशा पोरीला त्यांनी सगळं सांगितलं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. दोघंही रडत होती, वन्सं, आणि ती त्यांना मधे मधे प्रश्न विचारत होती.

तुमची सभा मी मोडू देणार नाही. पोरं येतील, विचारतील. येत असेल ते सांगेन, नसेल तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणेन. पण या घरात मुलांना खोटं उत्तर मिळणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची,
सुमती