टाकीमागचा उतार

मंगळवार, १६ जून. संध्याकाळ.

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीचं गवत कापायचं कंत्राट गेलं. पावसाळाभर माझ्या चार माणसांना काय काम देऊ, सुचत नाही.

तीन दिवस टेप धरून मी ती मैदानं मोजली. पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर मोठं मशीन चढत नाही, म्हणून नकाशात तो वेगळा काढून दाखवला. आणि तो नकाशा दरपत्रकाला जोडला! काहून जोडला? मागितला कोणी होता? दहावी नापास माणूसही असं नेटकं काम करतो, हे तिथल्या इंजिनियरांना दिसावं, एवढंच.

कॉलनीच्या सेक्रेटरींनी तोच नकाशा दुसऱ्या ठेकेदाराला दिला. त्यानं मैदानात पाय न ठेवता माझ्याहून थोडा कमी दर भरला आणि काम नेलं.

आज त्याचाच फोन. "एक नंबर नकाशा काढला गा भाऊ! पण टाकीमागचा उतार अठरा मीटर हाय का अठ्ठावीस? समजूनच नाही राहिलं."

फोन ठेवून द्यायचा होता. अठरा म्हणालो असतो, तर त्याची माणसं उद्याच कमी पडली असती.

"अठ्ठावीस," मी म्हणालो. "आणि गवतात नळाचा व्हॉल्व्ह आहे, पातं सांभाळा."

माझं माप मीच चुकीचं कसं सांगणार?