तुझ्या नावाच्या खुर्च्या

आई, आज मी पुन्हा तिच्या शेजारी बसून आले. ती म्हणजे तीच, वह्या बांधायच्या कारखान्यात काम करणारी, मराठी सीमाभागाकडची. तिच्यापायी माझ्या बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तू मला म्हणाली होतीस, "आज तुझं तू वाढून घे." तुला जाऊन अकरा वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, तरी तो राग काही शिळा होत नाही. चामराजपेटच्या आपल्या स्वयंपाकघरात ती पाटावर बसली आहे, सातव्या महिन्याचं पोट, रडून नाक लाल झालेलं, आणि तू ओट्याला टेकून ऐकते आहेस. सरकारी दवाखान्यात तपासायच्या खोलीला पडदा नव्हता, औषधाच्या रांगेतल्या माणसांदेखत तिला टेबलावर झोपवलं होतं. एवढं सांगायला तिला दोन तास लागले. दोन तासांत तू एकदाही तिचं बोलणं तोडलं नाहीस. "मग? पुढं सांगा," एवढंच. माझं मात्र एक वाक्य तू कधी पुरं होऊ दिलं असशील तर शपथ! मी तोंड उघडलं की "स्वल्प थांब", आणि तुझं ते कानडी स्वल्प काही संपायचं नाही.

त्या दवाखान्याच्या समितीवर तुला लोकांच्या बाजूने घेतलं होतं. बाकी सगळे डॉक्टर नाहीतर साहेब, आणि रुग्णांचं म्हणणं मांडायला तू एकटी, घरी ब्लाउज शिवणारी. बैठकीच्या दिवशी मशीनवर कापड टाकून तू निघायचीस, आणि थेट बैठकीत न जाता आधी तासभर चिठ्ठीच्या रांगेत उभी राहायचीस, धडधाकट असताना, कोण काय बोलतं ते कानावर पडावं म्हणून. अख्ख्या पेठेची तू अक्का. भाजीवाली येई, ऑटोवाला येई, आणि त्यांना दारात बघून तुझा चेहरा जसा खुलायचा तसा माझे मार्क बघून कधी खुलला नाही. आजारी माणसांचा हेवा करणारी मुलगी जगात मी एकटीच असेन. एकदा तर ताप यावा म्हणून मी ओल्या केसांनी गच्चीवर बसून राहिले. ताप आलाही. तू मला गोळी दिलीस, कपाळाला हात लावलास आणि बैठकीला गेलीस.

त्या पडद्यासाठी तू चार महिने अर्ज लिहिलेस. मला हसू यायचं. मी म्हटलं, "आई, तूच शिवून टाक ना, तुझं अर्ध्या तासाचं काम." तू हातातली कात्री आपटलीस. "कळत नाही तिथे बोलू नकोस!" काय कळत नाही ते काही सांगितलं नाहीस. शेवटी दवाखान्याने पडदा लावला. त्या दिवशी तू शिरा केलास आणि पहिली वाटी तिच्या घरी पाठवलीस. कोणाच्या हाती? माझ्याच. वाटेत मी त्यातले काजू वेचून खाल्ले.

गेल्या वर्षी तिथल्या नव्या डॉक्टरांचा फोन आला, अक्कांच्या मुलीने समितीवर यावं. आम्ही आता सर्जापूर रोडला राहतो, तिथून चामराजपेट गाठायला दीड तास जातो, तरी मी लगेच हो म्हटलं. तुझी जागा आता माझी, असं वाटलं. जाऊन बघते तर लोकांच्या बाजूने दोघी, आणि दुसरी ती. सात वर्षांपासून! तुझ्यासारखीच आधी रांगेत उभी राहते, चष्मा कपाळावर सारून ऐकते, आणि बायका तिला अक्का म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिन्यांच्या आत मी दवाखान्याला वीस स्टीलच्या खुर्च्या दिल्या, प्रत्येकीच्या पाठीवर तुझं नाव घालून. डॉक्टरांनी मला शाल घातली, फोटो निघाले. ती मागे उभी होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनात म्हटलं, जळतेय मेली.

आजच्या बैठकीत ती बोलायला उठली. साखर तपासायला जेवणानंतरचं रक्त द्यायला बायका येतात, तर खिडकी अकरालाच बंद झालेली असते. एका म्हातारीला तीनदा परत पाठवलंय, ही खिडकी दुपारी उघडी हवी. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "आमच्याकडे माणसं किती कमी आहेत ते मॅडमना ठाऊक आहे. मॅडम तर आपल्या घरच्याच." आणि आई, मीही हसले. त्यांची शाल घेऊन बसलेली मी, दुसरं काय करणार होते? विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

बाहेर पडल्यावर ती माझ्यासाठी थांबली होती. भांडेल असं वाटलं, पण ती हळूच म्हणाली, "ताई, अक्कांनी मला पहिल्यांदाच सांगितलंतं, दवाखान्याला कायबी द्यायचं नाही, त्यांचा चहासुदीक प्यायचा नाही. पडदा मी शिवून दिला तर मी त्यांची माणूस हुतो, मग मागायचं कुणी? असं म्हणायच्या. तुमाला म्हाईत असंलच की." मला माहीत नव्हतं. विचारलं होतं मी आणि उत्तर दिलंस तिला. तिथे दवाखान्याच्या पायरीवर, या वयात, मला तुझा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तिने पिशवीतून अर्ज काढला. खिडकीबद्दल वरच्या ऑफिसला लिहिलेला, तिची सही झालेली, खाली माझी जागा मोकळी. लोकांच्या बाजूच्या दोघींची सही असेल तरच तो वर जातो. सही केली की शाल गेली, डॉक्टरांचे गोड फोन गेले, हे मला कळत होतं. मी सही केली. त्या म्हातारीसाठी केली असं सांगायला मला आवडेल, पण तिच्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून केली. उद्या अर्ज जाईल आणि खिडकीचं काहीतरी होईल, ते तिच्यामुळे होईल.

अर्जाची घडी घालता घालता तिने खाली मान घालून विचारलं, "अक्का घरात कधी माझं नाव काढायच्या काय हो?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"सरी, बरं," म्हणाली, आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

शेवटच्या आठवड्यात तू मला दोनदा म्हणालीस, तिला बोलाव. तिचा फोन लागत नाही, असं मी तुला सांगितलं. मी तो लावलाच नव्हता.