मी कविता पाठ केलो

सोलापूर,
१४ जुलै २०२५

प्रिय नबीसाब,

आशीर्वाद. घरची मंडळी खुशाल असतील.

'स, ला, ते. स, ला, ना, ते.' सातवी 'ब'चा तो घोष सकाळपासून कानात आहे. पत्र्याच्या छपरावर आदळून परत यायचा. त्यात तुझा आवाज सगळ्यांत वरचा.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण जुन्या पाठ कविता अजून सुटलेल्या नाहीत. शेजारची मारिया लॅटिन शिकते, विभक्ती समजून घ्यायला माझ्याकडे येते. काल सांगत होती, तिकडे शब्दाचं शेपूट बघायचं. 'पुएर' म्हणजे मुलगा, तो काही करतो तेव्हा. त्याला कुणी मारलं की तो 'पुएरुम' होतो. वाक्यात कुठंही उभा करा, मार खाणारा ओळखू येतो.

मी म्हटलं, आपल्याकडे कर्म असलं की भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागं जातं. मुलाने कविता म्हटली. ती म्हणाली, लॅटिनमध्ये कर्ता प्रथमेतच राहतो, क्रियापद त्याच्याच मागं.

"म्हणजे आपल्या सोलापुरी 'मी काम केलो'सारखंच की, सर."

मी पाणी प्यायला उठलो.

तुला आठवत असेल. नसेल तर बरं. चाळीस वर्षं झाली. स्पर्धेच्या निवडीला तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, मी कविता पाठ केलो." मी तुझी नक्कल केली. वर्ग हसला. तुला पुन्हा म्हणायला लावलं, वर्ग पुन्हा हसला. तू खाली बसलास. कविता मी ऐकलीच नाही. उरलेलं वर्षभर तू वर्गात तोंड उघडलं नाहीस, आणि आठवीला शाळेत आलाच नाहीस.

भाषा शुद्ध राहावी म्हणून केलं, असं मी लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. आमच्या घरी कानडी. मीही 'केलो'च म्हणायचो. आदल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या त्याच शब्दावर सगळे हसले होते. ते हसू मी तुझ्या अंगावर टाकलं.

दार वाजतंय. थांब जरा.

तुझा मुलगा मुबीन आलाय, लेकीला घेऊन. मी ओळखलं नाही. त्यानं तुझं नाव सांगितलं. म्हणतो, "अब्बांनी पाठवलंय. म्हणाले, आपलं मराठी चुकीचं हाय, पोरीचं तरी सरांकडं नीट होऊ दे."

त्यांना बसवून उभ्यानंच लिहितोय. चुकीचं नव्हतं रे.

तुझी कविता ऐकून न घेतलेला,
गुरुबसप्पा